लहान बाळांच्या आईबाबांसाठी काय बनवावं? कल्पना शोधण्यापासून एक पक्की करण्यापर्यंत

सांगली-मिरजेत चार बायका बसल्या, घरगुती धंद्याचा विषय निघाला आणि त्यातल्या एकीच्या घरात नुकतंच बाळ झालेलं असलं, की चहा येण्याआधी तीन कल्पना तयार असतात. झबली-टोपडी शिवू. नाचणी सत्त्वाची पाकिटं करू. मोहरीच्या उशा करू. तिन्ही ऐकायला छान आणि तिन्हींत काही ना काही अडचण. पहिलीत नफा सापडत नाही, दुसरीत कायदा आडवा येतो आणि तिसरी वस्तू मी कुणालाच विकायला सांगणार नाही. कारणं पुढे येतीलच.

तिन्हींची सुरुवात एकाच प्रश्नातून झालेली असते: बाळाला काय लागतं? खरं तर बाळाला फार थोडं लागतं आणि जे लागतं ते आजीच्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं असतं. अडतं ते बाळ सांभाळणाऱ्याचं. म्हणून बचत गटांच्या बैठकांत मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते, की बाळाकडे बघू नका, आईच्या हातांकडे बघा. ते कुठे अडकतात, कुठे कमी पडतात, एका वेळी किती गोष्टी धरून असतात. नवरा, आजी, सांभाळायला येणाऱ्या मावशी, सगळ्यांचे हात यात आले.

आधी महिने ठरवा

‘लहान बाळांचे आईबाबा’ असं एक गिऱ्हाईक नसतं. सव्वा महिन्याची बाळंतीण आणि रांगत्या पोरामागे धावणारी आई, दोघींच्या गरजा अगदी वेगळ्या. सोयीसाठी चार तुकडे करता येतात.

पहिला, दवाखान्यातले दिवस आणि सव्वा महिना. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी, त्यामुळे सगळे निर्णय आईच्या आईचे. शेक-शेगडी, मालिश, अळीव-डिंकाचे लाडू. या काळात घरात येणाऱ्या वस्तूंतल्या बऱ्याचशा बाळंतविड्यातून येतात. म्हणजे विकत घेणारी व्यक्ती वेगळ्याच घरात राहते.

दुसरा, दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत. 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस याच काळात. बाळ आणि आई पहिल्यांदा घराबाहेर पडतात, बारसं होऊन सासरी परततात, एसटीत बसतात, लग्नाला जातात. अंगावर पाजणाऱ्या आईची सगळ्यात जास्त कुचंबणा इथे होते. दर दोन-अडीच तासांनी आडोसा शोधायचा. मोठ्या स्टँडवर हिरकणी कक्ष असतात, पण गाडी काही कक्षात थांबत नाही.

तिसरा, सहा महिन्यांचा उंबरठा. वरचं अन्न सुरू होतं, उष्टावण होतं. नोकरी करणाऱ्या आईची रजा संपते ती नेमकी इथे, कारण 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी पगारी प्रसूती रजा 26 आठवड्यांची आहे. बाळ आजीच्या ताब्यात जातं आणि घरातल्या सगळ्या पद्धती पुन्हा नव्याने बसवाव्या लागतात.

चौथा, नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. रांगणं, चालणं, पडणं, आणि बाबांच्या गाडीवर पुढे उभं राहणं.

यातला एकच तुकडा घ्या. बाळाचं जन्माचं वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. अंगाबरोबर बसणारी कुठलीही वस्तू किती आठवडे चालणार ते यावरून कळतं. झबल्यात नफा सापडत नाही त्याचं अर्धं कारण हेच. माप दर दोन महिन्यांनी बदलतं, तुमच्याकडे पाच मापांचा माल पडून राहतो आणि घेणाऱ्याला ठाऊक असतं की हे आठ आठवड्यांत तोकडं होणार, मग जास्त पैसे कशाला घाला. उरलेलं अर्धं कारण म्हणजे बाळंतविड्यात फुकट आलेली डझनभर झबली.

महिन्यांबरोबर घरही ठरवा. विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि जत तालुक्यातली वस्ती यांना एकच वस्तू पुरणार नाही. शिराळ्याकडे आषाढ-श्रावणात लंगोट वाळत नाहीत, घरभर दोऱ्या बांधून शेवटी इस्त्री फिरवावी लागते. जतकडे वाळतं सगळं, पण धुवायला पाणी मोजून वापरायचं असतं. एकाच जिल्ह्यात, एकाच लंगोटाच्या दोन उलट्या अडचणी. ‘सगळ्यांसाठी’ म्हणून केलेली वस्तू दोन्हीकडे बसत नाही.

ऐकायला कुठे जायचं

आपल्या मैत्रिणींना विचारू नका. त्या ‘छानच आहे गं’ म्हणतात, त्यात त्यांचं प्रेम असतं, माहिती नसते.

सगळ्यात जास्त माहिती असते मालिशवाल्या मावशींकडे. दिवसाला पाच-सहा घरं करणाऱ्या मावशींना कुठल्या घरात काय आणलं, काय दोन दिवसांत माळ्यावर गेलं, कुणाच्या सासूने काय फेकून दिलं, सगळं ठाऊक असतं. त्यांचा वेळ मोडतो त्याचे पैसे द्या आणि तासभर बसून ऐका. त्यानंतर लेडीज टेलर. बाळंतपणानंतर बायका काय-काय उसवून आणि वाढवून मागतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत नसतं. मग दवाखान्यांजवळची मेडिकल दुकानं. मिरज हे मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांच्या काळापासून दवाखान्यांचं गाव. अथणी, चिकोडी, विजापूरकडचे लोक आजही इथे येतात आणि त्यांतले बरेच जण गडबडीत निघालेले असतात. दुकानदाराला विचारा, की बाळंतिणीबरोबर आलेले नातेवाईक पहिल्या दिवशी काय-काय मागायला येतात आणि काय तुमच्याकडे नसतं? या उत्तरातून आलेली एक कल्पना पुढे लिहिलीच आहे.

लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात जायचं असेल तर आधी तिथल्या सिस्टरची परवानगी घ्या, विकायचं काही नेऊ नका, फोटो काढू नका. नुसतं बसा आणि बघा. मला आठवते ती एक आई. डाव्या हातावर बाळ, खांद्यावर पिशवी, उजव्या हातात बाळाची दुपटी, आणि कार्ड दाखवा म्हटल्यावर तिने पिशवीतून काढलेलं कार्ड दातांत धरलं. कार्डाच्या कडेवर आधीच्या डोसांच्या वेळचे दातांचे ठसे होते. मागे उभी असलेली सासू म्हणाली, ‘‘आन हिकडं, मी धरती,’’ पण सासूच्याही हातात चपलांची पिशवी आणि पाण्याची बाटली. अशा ठिकाणी पाच मिनिटांत जे दिसतं ते ऑनलाइन फॉर्म भरून घेऊन कळत नाही.

विचारताना घडून गेलेलं विचारा. ‘‘अशी बॅग आली तर घ्याल का?’’ याला सगळे हो म्हणतात आणि नंतर कुणी घेत नाही. त्याऐवजी असं विचारता येईल:

‘‘वहिनी, कालची रात्र कशी गेली? कितीदा उठलात, उठल्यावर पहिल्यांदा काय शोधलंत?’’

‘‘बाळासाठी घेतलेलं काय नुसतं पडून आहे?’’

‘‘मागच्या महिन्यात बाळाच्या पायी कुठला कार्यक्रम चुकला?’’

‘‘हे तुम्ही स्वतः घेतलंत की कुणी दिलं? कितीला पडलं?’’

दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. पडून असलेली वस्तू म्हणजे कुणीतरी पैसे घालून केलेला प्रयोग, आणि तो का फसला हे ती बाई तुम्हाला फुकट सांगते. घुमणारी खेळणी, तीन कप्प्यांची दूधपावडरची डबी, घडीची मच्छरदाणी जी एकदा उघडली की परत मिटत नाही, हे हमखास निघतं.

वहीतून कल्पना काढायच्या कशा

ऐकलेलं त्याच भाषेत वहीत उतरवा. ‘‘लंगोट बदलताना टोपडं गळ्यात येतं’’ हे तसंच लिहा, ‘कपडे बदलताना गैरसोय’ असं सरकारी करू नका. अशी पन्नासेक वाक्यं जमली की बसायचं.

पहिल्यांदा जुगाडांवर खूण करा. जिथे बाईने स्वतःच काहीतरी बांधलंय, शिवलंय, अडकवलंय, तिथे गरज खरी आहे. साडीची झोळी, दुपट्ट्याने पोटाशी बांधलेलं पोर, गाऊनला पुढून लावलेल्या सेफ्टी पिना, जुन्या चादरीचे तुकडे घालून केलेलं अंथरूण. नुसत्या तक्रारीपेक्षा जुगाड कधीही वजनदार, कारण तक्रार करायला कष्ट लागत नाहीत.

मग प्रत्येक खुणेला तीन उलट्या उड्या मारायला लावा. बाळासाठी सुचलं ते आईसाठी करता येईल का? विकण्याची वस्तू भाड्याने देता येईल का? वस्तूऐवजी नुसतं काम करून देता येईल का?

पहिल्या उडीचा एक नमुना तासगावकडचा. तिकडे बेदाणा घरचा, त्यामुळे ‘बाळासाठी बेदाणा-नाचणी पावडर’ ही कल्पना दर बैठकीला निघते. बाळाचं अन्न म्हटलं की कडक कायदा लागू होतो. पण तोच बेदाणा, तेच अळीव, तोच डिंक बाळंतिणीच्या लाडवात गेला तर तो साधा खाद्यपदार्थ. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी घेऊन घरातून करता येतो. फक्त पाकिटावर ‘दूध वाढतं’ असलं काही छापू नका, आरोग्याच्या दाव्यांना 2018 पासून स्वतंत्र नियम आहेत. आता इथे विकत घेणारं कोण? सांगलीतली आई लाडू स्वतःच वळते. गिऱ्हाईक आहे ते पुण्या-मुंबईत बाळंत झालेली मुलगी, जिच्याकडे आई पंधरा दिवसच राहू शकली. म्हणजे हा धंदा लाडवाइतकाच कुरिअरचा आहे.

दुसऱ्या उडीत पाळणा येतो. बारशाला सजवलेला पाळणा भाड्याने मिळतोच, पण सहा महिन्यांसाठी साधा लाकडी पाळणा, किंवा सुट्टीत पुण्याहून येणाऱ्यांसाठी आठवडाभर गाडीतली बाळाची सीट, हे कमी जण देतात. भांडवल अडकतं, जागा लागते, तरी वस्तू पाच-सात घरांत फिरली की पैसे वसूल.

तिसरी उडी मला सगळ्यात आवडते. गाऊनच्या सेफ्टी पिना आठवा. नवा फीडिंग गाऊन शिवून विकण्याऐवजी बाईच्या घरातल्याच दोन गाऊन आणि दोन कुर्त्यांना चेन लावून दिली तर? साठा नाही, मापं नाहीत, परत येणारा माल नाही. हे उदाहरण आपण शेवटपर्यंत धरून ठेवू.

चौथी कल्पना मिरजेच्या मेडिकल दुकानांतून निघते, ती म्हणजे दवाखान्याची तयार पिशवी. बाळंतिणीसाठी पुढून उघडणारा गाऊन, बाळाची धुतलेली दुपटी आणि लंगोट, टोपडं, टॉवेल, कागदपत्रांचा कप्पा, आणि काय कशासाठी याची यादी मराठी आणि कन्नड दोन्हींत. कन्नड यादी हा चार आण्याचा खर्च आहे, पण अथणीहून रात्री निघून आलेल्या माणसाला तो कागद किती धीर देईल याचा विचार करा.

पाचवी, लसीकरणाचं कार्ड, डोसची पावती आणि थर्मामीटर मावेल अशी गळ्यात अडकवायची पाकीटवजा पिशवी. सहावी, बोरन्हाणाचा काळा पोशाख, ज्यावर हलव्याचे दागिने कापडातच शिवलेले आहेत, एकही सुटा मणी नाही. विक्री फक्त संक्रांत ते रथसप्तमी, त्यामुळे शिवण दिवाळीनंतर लगेच सुरू करायला हवी. (आणि बोरन्हाणात वरून ओततात ती बोरं, चुरमुरे, गोळ्या हा पहिल्या दोन वर्षांच्या पोरांच्या घशाला धोकाच असतो. पोशाखाबरोबर ही सूचना छापून द्या, आजी नाराज झाल्या तरी चालेल.)

पहिली चाळणी: कायदा आणि बाळाचा जीव

इथे घाई करू नका. अर्ध्या कल्पना इथेच गळतात आणि गळायलाच हव्यात.

बाळाचं अन्न आणि दुधाची बाटली. 1992 चा एक कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं तयार अन्न, आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकलेली पावडर आणि दूध पाजण्याच्या बाटल्या यांची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. फुकट नमुने वाटणं, भेट देणं, वेष्टनावर बाळाचं चित्र छापणं, सगळ्याला मनाई. व्हॉट्सॲपवर ‘आमचं नाचणी सत्त्व, 6 महिन्यांपासून’ असं गोंडस बाळाच्या फोटोसकट टाकणं म्हणजे याच कायद्याच्या कचाट्यात सापडणं. शिवाय बाळाच्या अन्नासाठी एफएसएसएआयचे वेगळे निकष आहेत, घरच्या गिरणीत ते पाळता येत नाहीत. सत्त्व घरी करून आपल्या नातवाला भरवा, जरूर भरवा.

खेळणी. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र आणि आयएसआय चिन्ह लागतं. विणलेली बाहुली, कापडी खुळखुळा, सगळं यात येतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. तुम्ही तसे नोंदणीकृत कारागीर असाल तर मार्ग मोकळा, नसाल तर खेळण्यांचा नाद सोडा.

मालिशचं तेल, उटणं, काजळ. ही सौंदर्यप्रसाधनं ठरतात, बनवायला परवाना लागतो. आयुर्वेदिक म्हटलं तर आयुषचा परवाना. घरगुती काजळात शिशाचा धोका असतो म्हणून डॉक्टर ते बाळाच्या डोळ्यांत घालू नका सांगतात. मी या वाटेला कुणाला पाठवत नाही.

मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून ती घरोघरी असते. पण वर्षाखालच्या बाळाने पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय झोपावं, आजूबाजूला मऊ-मऊ काही नसावं, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे. मऊ वस्तू नाकातोंडावर येऊन श्वास कोंडण्याची भीती असते. डोक्याचा आकार सुधारायला बाळ जागं असताना, आपल्या डोळ्यांसमोर, पोटावर पालथं ठेवणं हा उपाय सांगतात. विक्री होते म्हणून वस्तू करू नये, अशातली ही एक. पांगुळगाड्याची गत त्याहून वाईट. चाकांचा वॉकर कॅनडाने 2004 मध्ये बंदच करून टाकला.

दुचाकीवरचा पट्टा. सांगली-मिरज रस्त्यावर ओढणीने बापाला बांधलेली पोरं रोज दिसतात, म्हणजे जुगाड आहे, गरज आहे. 15 फेब्रुवारी 2023 पासून नियमही आहे. चार वर्षांखालच्या मुलाला पट्टा, नऊ महिन्यांपुढच्याला हेल्मेट, आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. पट्टा हलका, जलरोधक, जाड नायलॉनचा आणि 30 किलो पेलणारा हवा असं नियमातच लिहिलंय. बॅगा शिवणाऱ्या कारखान्याने चाचण्या करून घेतल्या तर चांगला धंदा. घरच्या शिलाई मशीनवर मात्र नको. एक टाका सुटला तर काय होईल, हा विचारच पुरे.

कापडी वस्तूंनाही काही नियम स्वतःच घालून घ्या. गळ्याजवळ नाडी नको. टिकल्या, मणी, ओढून निघणारं बटण नको. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागणारा सुटा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळीत सबंध मावला तर तो घशात अडकू शकतो, खेळण्यांच्या तपासणीत हेच माप वापरतात. प्लंबिंगच्या दुकानातून साधारण त्या मापाचा पाइपचा तुकडा आणून टेबलावर ठेवा. दुपटं करत असाल तर पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळायच्या पद्धतीने शिवू नका. खुब्याच्या सांध्यासाठी पाय बेडकासारखे वर-बाहेर मोकळे राहायला हवेत.

ही चाळणी पार केल्यावर बहुतेकदा आईच्या वस्तू शिल्लक राहतात आणि बाळाच्या गळतात. मी सुरुवातीपासून आईच्या हातांचा हट्ट धरते त्याला हेही कारण आहे.

दुसरी चाळणी: पैसे कोण देणार, आणि आजीची साडी

प्रत्येक कल्पनेसमोर चार नावं लिहा: वापरणार कोण, पसंत करणार कोण, पैसे देणार कोण आणि धुणार कोण. चारही चौकटींत एकच माणूस आलं तर विक्री सोपी. चार वेगळी माणसं आली तर वस्तू कितीही चांगली असो, कुठेतरी अडते. दवाखान्याच्या पिशवीत वापरणारी बाळंतीण, पण पसंत करणारी तिची आई आणि पैसे देणारा जावई. मग पिशवीचा रंग आजीला पटेल असा आणि किंमत जावयाला जाहिरातीत आधीच दिसेल अशी हवी. धुणारीला बहुतेक सगळे विसरतात. हाताने धुतलं की बिघडतं, कडक उन्हात रंग जातो, वाळायला दोन दिवस लागतात, अशी वस्तू तिसऱ्या दिवशी कपाटात जाते.

मग स्वतःला विचारा, हे काम आत्ता फुकटात कोण करतंय? धुऊन-धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे लंगोट आणि दुपटी यांना बाजारात तोड नाही आणि किंमत शून्य. इचलकरंजीचा कितीही चांगला मलमल आणा, तुमची पहिली स्पर्धा त्या साडीशी. साडी जे करते ते तुम्ही करू नका, साडीला जे जमत नाही ते बघा. साडीला चेन नसते, कप्पा नसतो, ती पावसाळ्यात लवकर वाळत नाही, आणि ती पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नसतेच.

हिशेब

आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. समजा फीडिंग गाऊन करायचा. कापड 330, दोन चेन 30, शिलाई 120, पाकीट-लेबल 20. झाले 500. विक्री किंमत 799 ठेवली आणि दुकानदाराने 30 टक्के मागितले तर त्याचे 240 गेले, तुमच्या हाती 559. उरले 59. त्यातून बदलून द्यायचे, उधारीत अडकणारे, वाया जाणारे गाऊन वजा करा, म्हणजे काहीच राहत नाही. स्वतः विकलात तर 299 उरतात, पण मग सगळी मापं आणि रंग ठेवायला भांडवल हवं.

आता आहे त्याच कपड्याला चेन लावून द्यायचा हिशेब. एका गाऊनमागे 180 घेतले, चेनचे 30 आणि शिवणाऱ्या ताईंचे 70 दिले तर 80 राहतात. आकडा गाऊनपेक्षा लहान, पण माल अडकत नाही आणि पहिल्याच दिवशी पैसे हातात. शिवाय कुठल्या बाईला कुठे चेन हवी, कुठलं कापड आवडतं, याची माहिती जमते. तीच पुढे स्वतःचा गाऊन काढताना उपयोगी पडते.

नमुना करा, धुवा, उसना द्या

पहिला नमुना विकू नका. आधी वीसेक वेळा धुवा, त्यातले निम्मे धुणे दगडावर आपटून. मग दोन-तीन आयांना पंधरा दिवस वापरायला द्या आणि परत मागा.

चेनचं उदाहरण घेतलं तर इथे काय-काय निघतं बघा. धातूच्या दातांची चेन बाळाच्या गालाला घासते, म्हणून नायलॉनची लपती चेन हवी. आतून चेनमागे सुती पट्टी नसेल तर दूध पिताना गालावर वळ उठतात. रनर खाली येऊन थांबतो तिथे नेमका बाळाचा कान असतो, म्हणून चेन वरून खाली उघडण्याऐवजी खालून वर उघडणारी लावली तर बरी. आणि मुख्य म्हणजे एका हाताने उघडली पाहिजे, कारण दुसऱ्या हातावर बाळ आहे. टेबलावर बसून हे सुचत नाही. नमुना परत मागताना जी बाई ‘‘राहू द्या की अजून आठ दिवस’’ म्हणते तिचं मत खरं. ‘‘खूप छान आहे’’ म्हणून घडी न मोडता परत देणारीचंही खरंच, फक्त उलट बाजूने.

पैसे मागून बघा

आता तीन कल्पना उरल्या असतील. त्यांतली एक निवडायला बैठक घेऊ नका, मतं मोजू नका. तिन्हींचा एकेक फोटो आणि किंमत घेऊन ओळखीबाहेरच्या गटांत, भिशीत, टेलरच्या दुकानात जा आणि आगाऊ पैसे मागा, शंभर रुपये का होईनात. ज्याला पैसे मिळतात ती कल्पना पुढे न्या. ज्याला नुसत्या शुभेच्छा मिळतात ती वहीत परत ठेवा. तिन्हींना काही मिळालं नाही तर मालिशवाल्या मावशींकडे पुन्हा जायचं, एवढंच. अजून भांडवल घातलेलं नाही, तेव्हा गेलंय ते फक्त वेळ आणि चहा.

कागदपत्रं याच्यानंतर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. पाकिटबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नग किंवा वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, पण चेन लावण्याच्या कामाला तेही लागणार नाही. दवाखान्याच्या पिशव्यांचा साठा करायचा तर लागेल, त्यासाठी सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात एक चक्कर मारा.

गिऱ्हाइकांची वही करताना नावापुढे बाळाचा जन्ममहिना लिहा आणि ती माहेरी आहे की सासरी तेही. तीन महिन्यांनी ती सासरी जाते, गाव बदलतं, बऱ्याचदा नंबरही, आणि तुमच्या वस्तूची तिची गरज सहा-आठ महिन्यांत संपते. दुसऱ्या खरेदीसाठी तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. गाऊन घ्यायला येईल तेव्हाच विचारून घ्या, की तुमच्या जावेची, नणंदेची, शेजारणीची कुणाची तारीख आहे का?